धूर काय सांगतो आणि आपण काय वाचतो

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ‘पीयूसी नाही, तर इंधन नाही’ हा नियम कडकपणे लागू झाला आणि शहरातील तपासणी केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या. माझ्या मोटारीच्या प्रमाणपत्राची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. तेव्हा एका धुरकट सकाळी मीही पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील केबिनपुढे रांगेत उभा राहिलो.

मोटार २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी, भारत स्टेज चार मानकाची. गेले दोन महिने ती उड्डाणपुलाच्या चढावर धापा टाकत होती. पिकअप गेला होता, पेट्रोल जास्त लागत होते आणि चालकासमोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा कधी लागत, कधी विझत होता. त्या सकाळी तो लागलेलाच होता. केंद्रातील तरुणाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबरप्लेटचे छायाचित्र घेतले, आधी इंजिन नुसते चालू ठेवायला आणि मग थोडी रेस द्यायला सांगितले. काही मिनिटांत छापील कागद माझ्या हातात होता. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत, हायड्रोकार्बन मर्यादेत. पुढील बारा महिन्यांसाठी वाहन निर्दोष. पिवळ्या दिव्याविषयी मी विचारले, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, ते आमच्या तपासणीत येत नाही.” त्याचे म्हणणे नियमाला धरूनच होते.

त्याच दुपारी मी मोटार पूर्व दिल्लीतील एका गल्लीत नेली. तेथे माझ्याच वयाचे एक मेकॅनिक बसतात. आसपासचे सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरला आणि हवेचा ठोका समान येतो का, ते पाहिले. नंतर मला शेजारी बसवून त्यांनी गाडी उड्डाणपुलावर चढवली. चढावर गाडी अडखळली, तशी त्यांनी मान हलवली. परत आल्यावर स्टिअरिंगखालच्या जोडणीत स्कॅनर लावला. दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे, असे त्यात दिसले. त्यांनी त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि पुन्हा पुलावर फेरी मारली. आता स्कॅनर तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवू लागला. दोष कॉइलबरोबर फिरला होता. म्हणजे दोष कॉइलचाच.

मग त्यांनी विचारले, “कन्व्हर्टर कधी बदलला होता?” वर्षभरापूर्वी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलून घेतला होता आणि त्यासाठी बरीच रक्कम मोजली होती. पहिला का निकामी झाला, हे तेव्हा तेथे कोणी तपासले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. उस्तादांनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाब मोजणारा गेज लावला. नवा कन्व्हर्टरही अर्धाअधिक तुंबला होता. कारण सरळ होते. जोर पडताच ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तेथे पेटते. त्या उष्णतेने त्याच्या आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते, वाट बुजते आणि इंजिनाला श्वास सोडता येत नाही. कॉइल तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे नव्या भागालाही त्याच आगीत ढकलणे होते.

एकाच वाहनाला एकाच दिवशी असे दोन निष्कर्ष मिळाले. सरकारमान्य यंत्राने ते निरोगी ठरवले आणि गल्लीतील एका माणसाने त्याचे दुखणे मुळापर्यंत शोधून काढले. नोकरीतील काही वर्षे मी उत्तरेकडील एका राज्याच्या परिवहन खात्यात काढली आहेत, त्यामुळे या अनुभवाचे मला आश्चर्य वाटले नाही. थोडी लाज मात्र वाटली. तिचे कारण पुढे येईलच.

धुराची भाषा

धूर वाचणे ही गॅरेजातील जुनी विद्या आहे. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल, तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे, हे मेकॅनिक ओळखतो. एअर फिल्टर तुंबलेला असेल, डिझेल गाडीचा इंजेक्टर बारीक फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असेल किंवा टर्बोचा होज फाटून हवा वाटेतच निसटत असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा धूर आला आणि लगेच थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. जोर देताना तो येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगांवर. थंडीतल्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. पण इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल, तिला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी असते.

काही दुखणी डोळ्यांना दिसत नाहीत. इंजिन आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्यामधल्या जोडावर बारीक फट पडली, तर तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते की इंधन कमी पडते आहे आणि गाडीतला संगणक गरज नसताना इंधन वाढवतो. ॲव्हरेज घसरते, मालक पंपावाल्याला दोष देतो आणि खरा अपराधी असलेले स्वस्त गॅस्केट तसेच राहते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका वजनी भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. आजचा तिहेरी कन्व्हर्टर या प्रमाणाच्या अगदी जवळच नीट काम करतो. प्रमाण ढळले की कधी कार्बन मोनॉक्साइड वाढतो, कधी नायट्रोजनची ऑक्साइडे.

डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. भारत स्टेज सहाच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि काही काळ सलग वेगाने धावणे लागते. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत ते घडत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते. अशा वेळी कारण समजावून घेण्याऐवजी फिल्टर पोकळ करून घेणारे मालकही असतात. गाडी पुन्हा पळू लागते. मात्र फिल्टर जी काजळी अडवत होता, ती आता रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत जाते.

या सर्वांतून एक साधे तत्त्व निघते. धुरात जे दिसते, त्याचे कारण धुरात नसते. ते मागे इंजिनात, हवेच्या वाटेत, ठिणगीत किंवा इंधनात असते. चांगला मेकॅनिक मागे मागे जात ते शोधतो. आपली प्रदूषण तपासणी मात्र सायलेन्सरच्या तोंडाशीच थांबते.

तपासणी काय पाहते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५व्या नियमानुसार नोंदणीला एक वर्ष झाल्यावर प्रत्येक वाहनाजवळ पीयूसी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. जुन्या वाहनांसाठी त्याची मुदत सहा महिने, भारत स्टेज चार आणि सहाच्या वाहनांसाठी एक वर्ष. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उल्लंघनाचा दंड १०,००० रुपयांपर्यंत गेला आहे. शिक्षा कठोर झाली, तपासणी मात्र मुळात होती तेवढीच उथळ राहिली.

पेट्रोल वाहनाची चाचणी ते उभे असताना, कोणताही भार नसताना होते. भारत स्टेज चारच्या मोटारीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन दशलक्षात २०० भागांच्या आत असले की ती उत्तीर्ण. माझ्या मोटारीची ठिणगी भार पडल्यावरच चुकत होती. उभ्या गाडीत तिचे हृदय ठणठणीत वाजत होते. पायऱ्या चढताना छातीत कळ येणाऱ्या रुग्णाला खुर्चीत बसवून तपासावे, तसाच हा प्रकार. डिझेल वाहनाचे इंजिन जागेवरच जोरात फिरवून धुराची अपारदर्शकता मोजतात. जुन्या गाड्यांसाठी मर्यादा ६५ एकक आणि भारत स्टेज चारसाठी ५० एकक. ही मर्यादा इतकी सैल आहे की काजळीचा फिल्टर काढून टाकलेली आधुनिक गाडीही तिच्या आत राहू शकते. हाच अनुभव आल्यावर बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या नियमित तपासणीत धुरातील कण मोजणारी यंत्रे आणली.

नायट्रोजनची ऑक्साइडे आपल्या पीयूसीत मोजलीच जात नाहीत. सीएनजी वाहनांचा धूर दिसत नाही, म्हणून ती आपण स्वच्छ मानतो. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिल्ली आणि गुरुग्रामच्या रस्त्यांवर धावत्या वाहनांच्या धुरावर दुरून प्रकाशकिरण टाकून एक लाखाहून अधिक नोंदी घेतल्या गेल्या. त्यात सीएनजीवरील टॅक्सी आणि हलकी मालवाहू वाहने नायट्रोजनची ऑक्साइडे प्रयोगशाळेतील मर्यादेच्या कित्येक पट सोडताना आढळली. या वाहनांपैकी कितींजवळ वैध पीयूसी होते, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही; ते प्रमाणपत्र त्या वायूविषयी काही बोलतच नाही.

जे मोजले जाते, त्याचीही अवस्था काय आहे? दिल्लीतील वाहन प्रदूषणासंबंधीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळात कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोकार्बन मर्यादेपेक्षा जास्त असूनही १.०८ लाख वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेली, असे त्यात नोंदले आहे. ७,६४३ प्रकरणांत एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक वाहने तपासली गेल्याची नोंद होती. यंत्राने आजार दाखवला, तो आकड्यांत नोंदला गेला आणि तरीही रुग्णाला निरोगी असल्याचा दाखला मिळाला.

एका नस्तीची आठवण

माझ्या लाजेचे कारण असे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी परिवहन खात्यात असताना पीयूसी केंद्रांना मान्यता देण्याचे काम माझ्याकडे होते. केंद्रांची संख्या वाढत होती आणि तपासलेली जवळजवळ सर्व वाहने उत्तीर्ण होत होती. हा निकाल मी वार्षिक अहवालात खात्याचे यश म्हणून मांडला होता. ज्या दवाखान्यात कोणालाच आजार सापडत नाही, त्या दवाखान्याविषयी खरे तर शंका यायला हवी होती. एका मोटार वाहन निरीक्षकांना ती आली. त्यांनी नस्तीवर दोन पानी टिप्पणी लिहिली. अनुत्तीर्ण वाहनाच्या मालकाला बिघाडाचे संभाव्य कारण लिहून द्यावे, दुरुस्तीनंतर फेरतपासणी विनाशुल्क करावी आणि एकही वाहन नापास न करणाऱ्या केंद्रांची अचानक पाहणी करावी, अशा त्यांच्या सूचना होत्या. मी समासात ‘पाहिले’ असे लिहून सही केली आणि नस्ती पुढे सरकवली. प्रशासनात ‘पाहिले’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘वाचले नाही’ असा होतो. ते निरीक्षक पुढे निवृत्त झाले. त्यांच्या सूचनांचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार मी स्वतःच गमावला होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या टिप्पणीचे महत्त्व तेव्हाच कळायला हवे होते. ब्रिटिश राजवटीत, १९०५ मध्ये, बंगालमध्ये धूर-उपद्रवाविषयी कायदा झाला आणि १९१२ मध्ये मुंबई इलाख्यातही तसा कायदा आला. कलकत्त्यात त्या कायद्याखाली एक आयोग नेमला गेला. त्याचे निरीक्षक कारखान्यांची धुरांडी न्याहाळत आणि फ्रेंच अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी तयार केलेल्या करड्या छटांच्या तक्त्याशी धूर ताडून पाहत. वसाहतीच्या राज्यकर्त्यांचा हेतू लोककल्याणाचाच होता, असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्यांना एक गोष्ट नीट कळली होती. दाट काळा धूर म्हणजे वाया गेलेला कोळसा. म्हणून दंडाच्या धाकाबरोबरच भट्टीत कोळसा कसा घालावा, बॉयलरमध्ये हवा कशी खेळवावी, याचा सल्लाही दिला जाई. धूर हा गुन्हा होताच. पण त्याआधी तो भट्टीतल्या चुकीचा पुरावा मानला जाई.

इंधन बदलले, मानके बदलली, देखभाल राहिली

स्वतंत्र भारताने वाहनांच्या धुराविरुद्ध काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महेश चंदर मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची हवा आपल्या नजरेखाली घेतली. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. फेब्रुवारी २००० पर्यंत शिसे देशभरातील पेट्रोलमधून हद्दपार झाले. जुलै १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर गेल्या. मूळचे गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये देशासाठी वाहन-इंधन धोरणाचा आराखडा दिला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज पाचला वळसा घालून आपण थेट सहावर गेलो आणि इंधनातील गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले. जगातील फार थोड्या देशांनी एवढी मोठी उडी मारली आहे.

या सर्व सुधारणा वाहन कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच्या आहेत. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत नव्या प्रकारच्या वाहनाची चाचणी अत्यंत काटेकोरपणे होते. एकदा ते रस्त्यावर आले, की खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे असते. त्या १५ वर्षांत तिचे इंजिन, कन्व्हर्टर किंवा सेन्सर कोणत्या अवस्थेत आहेत, हे पीयूसीखेरीज सरकारचे दुसरे कोणतेही यंत्र पाहत नाही. प्रमाणपत्राअभावी विमा नूतनीकरण नाकारण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेशही व्यावहारिक अडचणींमुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला.

वाहनाची प्रकृती मोजता येत नाही, म्हणून आपण त्याचे वय मोजू लागलो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीत इंधनच न देण्याचा प्रयोग झाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांत तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले.

जुनी वाहने सरासरीने अधिक प्रदूषण करतात, यात शंका नाही. आणि वयापेक्षा मानक पाहणे हे एक पाऊल पुढेच आहे. पण मानक म्हणजे जन्माचा दाखला. स्टेज सहाची, फिल्टर पोकळ केलेली गाडी कागदावर स्वच्छच असते. उलट वेळेवर ऑइल, फिल्टर आणि प्लग बदललेली जुनी टॅक्सी भंगारात जाते. माझ्या उस्तादांच्या गल्लीत एका टेम्पोमालकाने मला सांगितले, “गाडी खराब असेल तर सांगा, दुरुस्त करतो. वय कसे दुरुस्त करू?” त्याची उपजीविका त्या एका वाहनावर होती. त्याच्या प्रश्नाला मी नोकरीत असतो, तरी मला उत्तर देता आले नसते.

दोष नेहमी मालकाचाच असतो, असेही नाही. इंधनात भेसळ असेल, तर सर्वोत्तम देखभालही व्यर्थ जाते. केरोसीन मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन ठोकते आणि आत कार्बन साठतो. डिझेलमध्ये ते मिसळले तर पंप आणि इंजेक्टर लवकर झिजतात. रेशनवरचे केरोसीन आता जवळजवळ नाहीसे झाले आहे आणि तो धंदा पूर्वीइतका फायद्याचा राहिलेला नाही. पण त्याची किंमत काही तरुण अधिकाऱ्यांनी प्राणांनी चुकवली, हे विसरता येत नाही. सार्वजनिक तेल कंपनीतील मंजुनाथ षण्मुगम यांची उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात नोव्हेंबर २००५ मध्ये हत्या झाली. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळखोरांनी जिवंत जाळले. त्या बातमीने देशभरातील आम्हा अधिकाऱ्यांची झोप उडाली होती. धुराचे मूळ शोधत मागे गेले की कधी कधी ते इंजिनाच्याही मागे, सत्ता आणि पैशाच्या साखळीत सापडते.

करता येण्याजोगे

उपाय फार दुर्मिळ नाहीत. एप्रिल २०१३ पासूनच्या आपल्या मोटारींत स्वतःचे बिघाड नोंदवणारी दुसऱ्या टप्प्यातील संगणकीय व्यवस्था सक्तीची आहे. तो पिवळा दिवा म्हणजे वाहनाने स्वतःच दिलेला कबुलीजबाब आहे. पीयूसी केंद्रात एक स्कॅनर लावून तो वाचणे आणि दिवा लागलेल्या वाहनाला प्रमाणपत्र न देणे, यासाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागणार नाही. अमेरिकेत १९९६ नंतरच्या मोटारींची तपासणी अनेक राज्यांत मुख्यतः अशीच होते. कॅलिफोर्नियात अनुत्तीर्ण वाहनांच्या अल्प उत्पन्न असलेल्या मालकांना दुरुस्तीसाठी सरकारी साहाय्य मिळते. आपल्याकडे वाहन भंगारात काढण्यासाठी सवलती आहेत. दुरुस्त करण्यासाठी नाहीत.

डिझेलसाठी कण मोजणारी यंत्रे, सीएनजी आणि व्यावसायिक वाहनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची चाचणी आणि रस्त्याकडेला दुरून मोजणारी उपकरणे या तीन गोष्टींनी सर्वांत जास्त धूर ओकणारी थोडी वाहने वेगळी काढता येतील. तपासणी करणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा हवा, म्हणजे नापास करण्यात कोणाचा स्वार्थ राहणार नाही. आणि नापास झालेल्या वाहनाच्या मालकाच्या हाती आकड्यांबरोबर कारणाचा कागदही पडावा. त्या निरीक्षकांनी माझ्या नस्तीवर जवळजवळ हेच लिहिले होते.

हे काम ज्यांच्या हातून होईल, ते गल्लीतील मेकॅनिक आज या व्यवस्थेच्या बाहेर उभे आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात कानाने आणि हाताने शिकलेल्या या माणसांना सेन्सर आणि संगणक शिकवण्याची पद्धतशीर सोय फारशी नाही. उस्तादांनी स्कॅनर वापरायला आपल्या मुलाकडून शिकले. शहराच्या फुफ्फुसांची जबाबदारी काही अंशी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या प्रशिक्षणावर थोडा खर्च करणे एखाद्या धूर शोषणाऱ्या मनोऱ्यापेक्षा नक्कीच अधिक उपयोगी ठरेल.

उस्तादांनी त्या दिवशी आधी कॉइल आणि चारही प्लग बदलले. “कन्व्हर्टर आत्ता नको,” ते म्हणाले. “चार दिवस चालवा. ठिणगी चुकत नाही याची खात्री झाली, की मग तो बदलू. नाहीतर तिसराही जाईल.” चार दिवसांनी स्कॅनर स्वच्छ दिसला, तेव्हा कन्व्हर्टर बदलला. आता पिवळा दिवा लागत नाही आणि मोटार उड्डाणपूल सहज चढते.

पीयूसीचा कागद अजून माझ्या मोटारीच्या खणात आहे. दुरुस्तीपूर्वी मिळालेला तोच कागद दुरुस्तीनंतरही चालतो. मी उस्तादांकडे गेलोच नसतो, तरीही तो पुढच्या डिसेंबरपर्यंत वैधच राहिला असता.